कोपऱ्यातला उंट आणि कडेचा घोडा

दिवाळीच्या सुट्टीत ज्या अनेक गोष्टी कपाटांतून बाहेर येतात, त्यांत बुद्धिबळाचा पट एक असतो. फराळाचे ताट बाजूला सरकते, दोघे जण समोरासमोर बसतात आणि घटकाभरात पटाशेजारी मारलेल्या मोहऱ्यांचे दोन ढीग जमू लागतात. बघणाऱ्यांची नजर पटापेक्षा या ढिगांवरच अधिक असते. “तुझा एक हत्ती गेला, त्याची दोन प्यादी आणि एक घोडा गेला, म्हणजे तू किती मागे?” असा जमाखर्च चालतो. घरातली लहान मुलेही हा हिशोब चोख करतात, आणि बहुतेक वेळा तो बरोबर येतो. ज्याच्याकडे सैन्य जास्त, तो जिंकतो.

परंतु या हिशोबात एक उणीव आहे. मेलेले मोहरे त्यात मोजले जातात; जिवंत असून निरुपयोगी झालेला मोहरा मात्र कोणीच मोजीत नाही. पटाच्या एखाद्या कोपऱ्यात उंट उभा असतो, त्याच्या चारी वाटा प्याद्यांनी अडलेल्या असतात. किंवा कडेचे एखादे प्यादे टिपण्यासाठी घोडा दूर निघून गेलेला असतो आणि इकडे राजावर संकट कोसळते. ढिगाच्या हिशोबात हे दोघेही शिलकेत दिसतात. लढाईच्या हिशोबात मात्र ते नसल्यातच जमा. ‘असून अडचण, नसून खोळंबा’ या म्हणीतला पहिला अर्धा भाग अशांना अगदी चपखल लागू पडतो.

बुद्धिबळाच्या इतिहासात या उणिवेचा फायदा घेण्याची एक स्वतंत्र कला निर्माण झाली आहे. प्रतिस्पर्ध्याचा एखादा मोहरा लढाईबाहेर गेला आहे हे ओळखायचे, किंवा तो तसा जावा म्हणून मुद्दाम एखादे प्यादे त्याच्यासमोर टाकायचे, आणि तो परत येण्यापूर्वी दुसऱ्या टोकाला निकाल लावायचा, अशी ही कला आहे. तिचे दोन थोर नमुने एकाच माणसाच्या आयुष्यात घडले. पहिल्या डावात तो गुरू होता. एकोणीस वर्षांनी दुसऱ्या डावात तोच धडा त्याला दुसऱ्याकडून घ्यावा लागला. त्या माणसाचे नाव होझे राऊल कापाब्लांका.

मूळ कथेकडे वळण्यापूर्वी बलिदानाविषयी थोडे सांगितले पाहिजे. बलिदाने दोन जातींची असतात. एक रोखीचे आणि दुसरे उधारीचे. रोखीच्या बलिदानात वजीर द्यावा आणि तीन खेळ्यांत मात करावी, असा सौदा असतो. देणेघेणे तिथल्या तिथे मिटते. सगळे आधी मोजता येते. उधारीच्या बलिदानात आज एक प्यादे किंवा हत्ती दिला जातो, पण वसुलीची तारीख कुठेच लिहिलेली नसते. मोबदला मिळतो तो जागेचा, वेळेचा, मोकळ्या वाटांचा. हा मोबदला हातात धरून दाखवता येत नाही. म्हणून अशा बलिदानाला धैर्य अधिक लागते. जाणकार त्याला स्थितीसाठी केलेले बलिदान म्हणतात.

एकोणिसाव्या शतकात रोखीच्या बलिदानांचीच चलती होती. २१ जून १८५१ रोजी लंडनमध्ये जर्मनीच्या आडोल्फ अँडरसनने लिओनेल किझेरित्स्कीविरुद्ध खेळलेला डाव ‘अमर डाव’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात अँडरसनने एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीरही देऊन टाकला आणि उरलेल्या तीन लहान मोहऱ्यांनी मात केली. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत भरतो तो त्या उधळणीचा झगमगाट. पण डाव संपतो त्या क्षणी किझेरित्स्कीचे मोहरे कुठे उभे आहेत, हे पाहण्यासारखे आहे. त्याचा वजीर एक हत्ती मारून पांढऱ्याच्या अगदी पहिल्या ओळीच्या कोपऱ्यात बसला आहे. त्याचा उंट दुसरा हत्ती मारून त्याच ओळीत दुसरीकडे बसला आहे. दोघेही लूट घेऊन शत्रूच्या घरात. आणि स्वतःचा राजा घरी एकटा. त्या झगमगाटाखाली आपल्या विषयाचे बीज दडलेले होते. ते बाजूला काढून, निवांतपणे, एकही आतषबाजी न करता दाखवायला पुढे क्युबातला एक माणूस यावा लागला.

*

ऑगस्ट १९१९. पहिले महायुद्ध थांबून वर्षही झाले नव्हते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्ज गावी बुद्धिबळाची स्पर्धा भरली. विजयाच्या आनंदात भरली म्हणून तिला ‘विजय-संमेलन’ असे नाव दिले गेले. बारा खेळाडू होते. त्यांत तिशीतला कापाब्लांका सर्वांच्या नजरेचा विषय होता. हवानात जन्मलेला, वयाच्या चौथ्या वर्षी वडिलांचा खेळ नुसता पाहून खेळ शिकलेला, देखणा आणि सहज खेळणारा हा माणूस १९१६ पासून १९२४ पर्यंतच्या आठ वर्षांत स्पर्धेतला एकही डाव हरला नाही. हेस्टिंग्जला त्याने अकरा डावांत साडेदहा गुण मिळवले.

त्या साडेदहातला एक गुण त्याने विल्यम विंटर या विशीतल्या इंग्रज तरुणाकडून घेतला. हा विंटरही मोठा वल्ली होता. जहाल साम्यवादी विचारांचा. १९२१ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्याने सहा महिने तुरुंगवास भोगला. आणि पुढे १९३५ व १९३६ अशी लागोपाठ दोन वर्षे ब्रिटनचे विजेतेपदही मिळवले. पण हेस्टिंग्जच्या त्या दिवशी तो नवखा होता, आणि पांढरे मोहरे घेऊन एका जगज्जेत्या होऊ घातलेल्या माणसासमोर बसला होता.

डावाची सुरुवात साधी होती. विंटरने आपला उंट पुढे आणून कापाब्लांकाचा राजाकडचा घोडा वजिराशी जखडून टाकला. उंट घोड्यावर रोखलेला, घोड्यामागे वजीर. घोडा हलला तर वजीर जातो. ही खेळी आपल्याकडे घरोघर खेळली जाते आणि खेळणाऱ्याला फार समाधान देते. कापाब्लांकाने कडेच्या प्याद्याने उंटाला हटकले. उंट एक घर मागे सरला, पण घोड्यावरची नजर त्याने सोडली नाही. मग विंटरने आपला घोडा पटाच्या मध्यभागी उडवून त्या जखडलेल्या घोड्यावर दुसरा मारा आणला. त्याला वाटले, आता काळा अडचणीत आला.

कापाब्लांकाने आपल्या राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे सरकवले. राजाची तटबंदी स्वतःच्या हाताने उघडण्यासारखे हे दिसते. विंटरने घोड्याने घोडा मारला, काळ्याच्या वजिराने तो परत घेतला, आणि प्याद्याने हटकलेला पांढरा उंट आणखी एक घर मागे गेला. तिथे तो बसला तो बसलाच. त्याच्या समोर काळ्याच्या प्याद्यांची एकमेकांना आधार देणारी साखळी उभी राहिली. एका तिरप्या वाटेवर काळ्याच्या राजाचे प्यादे, दुसऱ्या वाटेवर स्वतःचीच प्यादी. उंट पुढे गेला तर मरतो आणि मागे गेला तर भिंतीला टेकतो.

यानंतर कापाब्लांकाने काय केले? हल्ला नाही, शह नाही. त्याने शांतपणे उरलेल्या घोड्याशी आपला एक उंट बदलून घेतला, वजिराशी वजीर बदलला, आणि पट मोकळा केला. आता दोन्हीकडे दोन-दोन हत्ती, एक-एक उंट आणि आठ-आठ प्यादी. ढिगांचा हिशोब काट्यावर जुळलेला. कोणीही म्हणावे, बरोबरी झाली. पण कापाब्लांकाच्या दृष्टीने डाव तेव्हाच संपला होता. कारण पांढऱ्याचा उंट लढाईत नव्हता. तो सोडवायचा तर एखादे प्यादे गमवावे लागणार आणि वेळही जाणार. म्हणजे व्यवहारात एका बाजूला एक मोहरा जास्त.

मग त्याने राजाच्या बाजूकडे पाठ फिरवली. उंट कोंडला होता तो उजव्या कोपऱ्यात. म्हणून लढाई डाव्या बाजूला, वजिराच्या अंगाला पेटवायची. त्याने आपला राजा पटाच्या मध्यावर आणून उभा केला, हत्ती डावीकडे नेले आणि एकामागून एक प्यादी पुढे रेटली. तेविसाव्या खेळीला त्याने आपले एक प्यादे सरळ पांढऱ्याच्या प्याद्यांच्या तोंडी दिले. ते घेतले काय आणि न घेतले काय, वाट फुटणारच होती. ती फुटली, काळे हत्ती आत शिरले, आणि एकोणतिसाव्या खेळीनंतर विंटरने डाव सोडला. पांढरा उंट बाराव्या खेळीला ज्या घरात मागे हटला होता, त्याच घरात शेवटपर्यंत उभा होता. तो कोणी मारला नाही. मारण्याची गरजच पडली नाही.

दोन वर्षांनी, १९२१ मध्ये, हवानात इमान्युएल लास्करला हरवून कापाब्लांका जगज्जेता झाला. त्याच वर्षी त्याचे बुद्धिबळाच्या मूलतत्त्वांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. प्रतिस्पर्ध्याचे मोहरे रणक्षेत्रापासून तोडून टाकणे, या विषयाला त्यात वेगळे प्रकरण दिले आहे, आणि उदाहरण म्हणून हाच विंटरचा डाव मांडला आहे. जगभरच्या विद्यार्थ्यांनी तो पाठ केला. हुशार विद्यार्थ्यांच्या हाती पडलेला धडा कधी कधी शिक्षकावरच उलटतो, हे मात्र त्या पुस्तकात लिहिलेले नव्हते.

*

असा एक विद्यार्थी लेनिनग्राडमध्ये वाढत होता. १९२५ मध्ये मॉस्कोला मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा चालू असताना मधल्या सुट्टीच्या दिवशी कापाब्लांका लेनिनग्राडला गेला आणि तिथे एकाच वेळी अनेकांशी खेळला. समोरच्या एका पटामागे चौदा वर्षांचा, चष्मा लावलेला मुलगा बसला होता. जगज्जेता त्या मुलाकडून डाव हरला. मुलाचे नाव मिखाईल बोत्विनिक.

१९२७ मध्ये ब्युनॉस आयरिसला अलेक्सांद्र अल्योखिनने कापाब्लांकाचे जगज्जेतेपद हिरावून घेतले. ते परत मिळवण्यासाठी पुन्हा लढत व्हावी, म्हणून कापाब्लांका आयुष्यभर झुरला. ती लढत कधीच झाली नाही. दरम्यान बोत्विनिक विद्युत अभियंता झाला आणि सोव्हिएत देशाचा पहिल्या प्रतीचा खेळाडूही झाला. १९३६ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या स्पर्धेत दोघे पुन्हा एकत्र आले, आणि चौदा डावांत प्रत्येकी दहा गुण मिळवून दोघांनी पहिला क्रमांक वाटून घेतला. योगायोग असा की त्याच दालनात, त्याच पंधरा खेळाडूंमध्ये, विल्यम विंटरही बसलेला होता. कोंडलेल्या उंटाचा धडा ज्याने दिला, ज्याला तो महागात पडला आणि ज्याने तो पुढे नेला, असे तिघेही त्या दिवसांत एकाच छपराखाली होते.

दोन वर्षांनी हॉलंडमधल्या ‘आव्रो’ या नभोवाणी संस्थेने जगातले आठ श्रेष्ठ खेळाडू एकत्र आणले. अल्योखिन, कापाब्लांका, माक्स एवे हे तीन आजी-माजी जगज्जेते. आणि केरेस, फाइन, बोत्विनिक, रेशेव्स्की, फ्लोर ही नवी पिढी. अल्योखिनला आव्हान कोणी द्यायचे, हे या स्पर्धेतून ठरावे अशी सर्वांची अपेक्षा होती. ६ ते २७ नोव्हेंबर १९३८ हा तिचा काळ. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, आणि तेही एका जागी नव्हे. आज या गावी, उद्या त्या गावी. सामान बांधायचे, गाडीने जायचे, उतरायचे आणि खेळायला बसायचे. तरुणांना हे जमले. कापाब्लांकाला जमणे कठीण होते. १९ नोव्हेंबरला त्याला पन्नास वर्षे पूर्ण झाली. नेमक्या त्याच दिवशी तो अल्योखिनकडून हरला. रक्तदाबाचा विकार त्याला आतून पोखरीत होता.

त्यानंतर काही दिवसांतच रॉटरडॅमला अकराव्या फेरीत बोत्विनिक पांढरे मोहरे घेऊन त्याच्यासमोर बसला. एक सत्तावीस वर्षांचा, दुसरा पन्नास वर्षांचा.

या डावातल्या एका काळ्या घोड्याचा प्रवास आपण लक्ष देऊन पाहू. वजिराकडचा हा घोडा अकराव्या खेळीला पटाच्या कडेला जाऊन एक उंट मारून आला. पंधराव्या खेळीला तो आपल्या मूळ घरी परतला. सोळाव्याला पुन्हा बाहेर पडला, सतराव्याला पुन्हा कडेला गेला, आणि अठराव्याला पांढऱ्याच्या हद्दीत, वजिराच्या घोड्याच्या रांगेतल्या तिसऱ्या घरात जाऊन बसला. एवढी वणवण कशासाठी? पांढऱ्याचे कडेचे एक प्यादे टिपण्यासाठी. त्या प्याद्याला आधार पांढऱ्या वजिराचा, तिरप्या रेषेतून. घोडा त्या रेषेच्या बरोबर मध्ये येऊन बसला आणि आधार तुटला. घोड्याला स्वतःला मागून एका प्याद्याचा भक्कम टेका होता, त्यामुळे त्याला कोणी मारू शकत नव्हते. एकोणिसाव्या खेळीला काळ्या वजिराने जाऊन ते प्यादे उचलले. योजना सुबक होती, हिशोब चोख होता. एक प्यादे निव्वळ नफा.

बोत्विनिकला हे दिसत नव्हते काय? दिसत होते. त्या प्याद्याच्या मागे हत्ती ठेवून त्याला ते सांभाळता आले असते. पण सोळाव्या खेळीला त्याने तोच हत्ती तिथून काढून मध्यभागी राजाच्या रांगेत आणला. जणू घराची कडी काढून ठेवली आणि सांगितले, न्यायचे ते घेऊन जा. हेच ते उधारीचे बलिदान. प्यादे द्यायचे, बदल्यात काळ्याचा वजीर आणि घोडा पटाच्या डाव्या कडेला गुंतलेले असतील, तेवढ्या अवधीत मध्यभागी प्याद्यांची फौज पुढे रेटायची. कापाब्लांकाने स्वतःच चौदाव्या खेळीला एक प्यादे पुढे ढकलून डावी बाजू बंद करून टाकली होती. त्यामुळे मध्यावर पांढऱ्याला अडवणारे कोणी उरले नव्हते.

प्यादे गेले त्याच्या पुढच्याच खेळीला पांढऱ्याचे राजाचे प्यादे पुढे सरकले आणि काळ्याचा दुसरा, लढाईतला घोडा मागे हाकलला गेला. मग शेजारचे प्यादे आले. प्याद्यांची मारामारी झाली, हत्तींशी हत्ती बदलले गेले, आणि सत्ताविसाव्या खेळीला धूळ खाली बसली तेव्हा पांढऱ्याचे एक प्यादे राजाच्या रांगेत सहाव्या घरात येऊन उभे होते. आणखी दोन घरे, की त्याचा वजीर होणार. काळा वजीर लूट सोडून घाईघाईने परत आला आणि त्या प्याद्यासमोर आडवा झाला. घोडा मात्र आला नाही. त्याला यायला वेळच नव्हता.

आता पांढऱ्याच्या बाजूला पाहा. तिथेही एक निरुपयोगी मोहरा होता. बोत्विनिकचा उंट बाराव्या खेळीपासून स्वतःच्याच प्याद्यांमागे, एका अंधाऱ्या कोपऱ्यात बसून होता. हेस्टिंग्जच्या त्या उंटाचा जणू सख्खा भाऊ. अठरा खेळ्या तो जागचा हलला नव्हता. पण दोघांत एक फरक होता. हेस्टिंग्जच्या उंटाला बाहेर पडायला एकही वाट नव्हती. या उंटाला एक वाट होती, फक्त तिच्या टोकाला मरण होते.

तिसाव्या खेळीला बोत्विनिकने तो उंट उचलला आणि कडेच्या घरात, काळ्या वजिराच्या थेट माऱ्यात नेऊन ठेवला. तिथून उंटाने काळ्या वजिराला आव्हान दिले. वजिराने बाजूला सरून उंटाला जगू द्यावे, तर पांढरे मोहरे राजाभोवती घुसतात. उंट मारावा, तर प्याद्यासमोरची जागा सोडावी लागते. कापाब्लांकाने उंट मारला. एकतिसाव्या खेळीला बोत्विनिकने घोडाही देऊन राजाला शह दिला. प्याद्याने तो घोडा घेतला, राजाचे छप्पर उघडे पडले, पांढरा वजीर शह देत आत शिरला आणि काळ्याचा एकुलता एक राखणदार, तो दुसरा घोडा, त्याने शह देतच मारला. मग सहाव्या घरातले प्यादे सातव्यात गेले.

शेवटचा उपाय एकच होता. शहामागून शह देत राहून बरोबरी साधणे. कापाब्लांकाच्या वजिराने सात शह दिले. पांढरा राजा हळूहळू, एकेक घर चालत, आपल्या किल्ल्यातून बाहेर पडला आणि पटाच्या उजव्या कडेला जाऊन पोहोचला. सातव्या शहानंतर आठवा उरला नाही. एक्केचाळिसाव्या खेळीला कापाब्लांकाने डाव सोडला.

तेव्हाचा पट डोळ्यांसमोर आणावा. दोन्हीकडे वजीर. दोन्हीकडे पाच-पाच प्यादी. आणि काळ्याकडे एक घोडा जास्त. ढिगांचा हिशोब मांडणारा मुलगा म्हणाला असता, काळा जिंकतो आहे. तो घोडा अठराव्या खेळीला ज्या घरात गेला, त्याच घरात शेवटपर्यंत होता. तेवीस खेळ्या तो तिथून हलला नाही. आपल्या राजाला मरणाच्या दारी सोडून तो एका गेलेल्या प्याद्याच्या रिकाम्या जागेशेजारी उभा होता. हेस्टिंग्जला मोहरे सारखे असूनही विंटर हरला, कारण त्याचा उंट कोंडलेला होता. रॉटरडॅमला कापाब्लांका एक मोहरा जास्त असूनही हरला. धडा तोच, फक्त एक पाऊल पुढे गेलेला. बोत्विनिकने मोहरा कोंडून ठेवला नाही. त्याने मोहऱ्याला आमिष दाखवून दूर पाठवले, आणि ते आमिष स्वतःच्या खिशातून दिले.

स्पर्धेच्या शेवटी केरेस आणि फाइन बरोबरीने पहिले आले. बोत्विनिक त्यांच्या मागोमाग तिसरा. कापाब्लांका सातवा आला. विजयांपेक्षा पराभव जास्त, अशी त्याच्या आयुष्यातली ही एकच स्पर्धा. वर्षभरात दुसरे महायुद्ध पेटले, आणि अल्योखिनला आव्हान देण्याची सारी बोलणी बारगळली. ८ मार्च १९४२ रोजी न्यूयॉर्कमध्ये कापाब्लांकाचे निधन झाले. १९४६ मध्ये अल्योखिन गेला. आणि १९४८ मध्ये हेग व मॉस्को येथे झालेल्या स्पर्धेत बोत्विनिक जगज्जेता झाला.

*

उधारीच्या बलिदानाची पुढची पायरी आर्मेनियन वंशाच्या तिग्रान पेत्रोस्यानने बांधली. १९५३ मध्ये झुरिकला रेशेव्स्कीविरुद्ध खेळताना, डाव आवळत चालला असताना, त्याने आपला हत्ती शांतपणे एका घरी नेऊन ठेवला, जिथे पांढऱ्याचा उंट तो मारू शकत होता. उंटाच्या बदल्यात हत्ती, म्हणजे हिशोबात तोटा. पण त्यानंतर पांढऱ्याची पुढे सरकू पाहणारी प्यादी जागच्या जागी थांबली, काळ्या घोड्याला मध्यभागी अढळ आसन मिळाले, आणि पांढऱ्याच्या हत्तींना धावायला मोकळा रस्ताच उरला नाही. हत्ती हा रस्त्याचा मोहरा. रस्ता नसेल तर तो कोपऱ्यातल्या उंटासारखाच. डाव बरोबरीत सुटला. याच पेत्रोस्यानने १९६३ मध्ये साडेबारा विरुद्ध साडेनऊ गुणांनी बोत्विनिकचे जगज्जेतेपद घेतले. शिकवलेला धडा असा एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिला.

यंत्रांचे युग आले तेव्हा वाटले होते की ही कला आता संपली. बुद्धिबळ खेळणारी पहिली यंत्रे ढिगांचा हिशोब करीत; प्याद्याला एक, घोड्याला तीन, हत्तीला पाच. पटाच्या कडेला अडकलेला घोडा त्यांच्या लेखी तीनच. पण २०१७ च्या डिसेंबरमध्ये ‘अल्फाझीरो’ नावाचे यंत्र पुढे आले. त्याला माणसांचे डाव शिकवलेले नव्हते. केवळ नियम सांगितले होते आणि स्वतःशीच खेळून ते शिकले होते. त्याने तेव्हाच्या बलाढ्य ‘स्टॉकफिश’शी शंभर डाव खेळून अठ्ठावीस जिंकले, बाकीचे बहात्तर बरोबरीत सोडवले आणि एकही गमावला नाही. त्या डावांचे अभ्यासक एका गोष्टीने चकित झाले. हे यंत्र प्यादी सहज देऊन टाकी, आणि बदल्यात प्रतिस्पर्ध्याचे मोहरे जागीच खिळवून ठेवी. कोणी न सांगता, आकड्यांच्या रानातून हिंडत, ते हेस्टिंग्जच्या त्या कोंडलेल्या उंटापाशी येऊन पोहोचले होते.

यंत्राला प्यादे देताना भीती वाटत नाही, माणसाला वाटते. उधारीच्या बलिदानाचे मोल त्या भीतीतच आहे. बोत्विनिकने सोळाव्या खेळीला हत्ती काढून घेतला तेव्हा तिसाव्या खेळीचा उंट त्याला दिसत असणे शक्य नव्हते. इतक्या लांबचे कोणाला दिसते? त्याला दिसत होते ते एवढेच, की लढाई मध्यावर होणार आहे आणि समोरचा एक घोडा तिथे नसणार. तेवढ्या ज्ञानावर त्याने प्यादे सोडले. कापाब्लांकाला प्यादे दिसले. थकलेल्या, आजारी, सतत प्रवासाने शिणलेल्या माणसाला हातात येणारी वस्तू खरी वाटावी, यात नवल नाही. विंटरच्या उंटाकडे पाहून ज्याने ‘हा मोहरा मोजू नका’ असे जगाला सांगितले, त्यानेच स्वतःचा घोडा मोजला.

तेव्हा या सुट्टीत पट मांडाल तेव्हा पटाबाहेरचे ढीग जरूर मोजा. पण त्यानंतर एकदा पटावरही नजर फिरवा. समोरच्याचा कोणता मोहरा खेळात नाही? आणि आपला कोणता? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडायला बहुधा अधिक वेळ लागेल. कडेचे प्यादे मारून ऐटीत उभा असलेला आपला घोडा पाहून बरे वाटते. तो किती दूर गेला आहे, हे मात्र राजाला शह बसेपर्यंत लक्षात येत नाही.